सैल ड्रम

"माझा ड्रमसेट पत्र्याच्या खोलीतून आत घे गं, ऊन फार आहे," बॅग भरता भरता हे म्हणाले. कसल्याशा तपासण्यांसाठी मुंबईला निघाले होते, दोनच दिवस. रविवारी अकोल्यात यांच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता आणि यांनी आजवर एकही चुकवला नव्हता.

खोली नुसती भाजत होती. मोठा ड्रम उचलताना माझं कोपर त्याच्या तोंडावरच्या पानावर आपटलं. एरवी घर दणाणतं. आज फक्त 'भद्द' झालं. बाकीच्या ड्रमांवर टिचक्या मारून पाहिल्या. सगळे सैल. एकूण एक स्क्रू ढिला केलेला.

ताणलेलं पान उन्हानं फाटू नये म्हणून हे तसं करतात, पण लग्नसराई संपल्यावर, पुढे तीन-चार महिने वाजवायचं नसतं तेव्हाच.

दारात येऊन विचारलं, "रविवारी वाजवणार ना?"

"म्हणजे काय! वाजवणार की," बॅगेची चेन ओढत हे म्हणाले. माझ्याकडे पाहिलं नाही.

मी परत त्या भट्टीत गेले. फाटली पानं तर फाटू देत. स्क्रूची किल्ली घेतली आणि एकेक ड्रम पुन्हा आवळत बसले.