टिटवीची अंडी

टिटवीने यंदा नदीच्या कोरड्या पात्रातच अंडी घातली होती. अशा वर्षी पाऊस कमी, असं सुगंधाबाईंच्या लहानपणी सारं गाव मानायचं आणि बहुधा तसंच व्हायचं. पण आता पाऊस पर्जन्य कार्यालय पाडायचं, आणि आज ते नदी दुथडी भरेल इतका पाडणार होतं.

"पिल्लं निघेपर्यंत थांबा की," त्यांनी फोनवर विनवलं.

"आजी, टिटवीसाठी पाऊस पुढे ढकलू?" पलीकडची मुलगी हसली.

सुगंधाबाई चरफडत पात्रात उतरल्या. अंगावर झेपावणाऱ्या टिटवीला छत्रीने हाकलत त्यांनी अंडी उंच काठावर नेऊन ठेवली. टिटवी मात्र खालच्या रिकाम्या खळग्यातच जाऊन बसली. ढग भरून आले.

"अगं बये, वर ये!" सुगंधाबाई ओरडल्या. "पाऊस आता तुला विचारून पडत नाही!"