बशीतली चकती

बटाट्याची चकती मिठाच्या पाण्यात तासभर ठेवली की मऊ पडते, हे सातवीच्या तीसही पोरांनी प्रयोगवहीत आदल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं. निकाल आधी, प्रयोग मागाहून, ही शाळेची जुनी रीत. सही करायला पेन काढून वैजयंताबाई बशीपाशी गेल्या आणि त्यांना शिसारीच आली. बशीत पाण्याचा थेंब नव्हता, नुसतं कोरडं मीठ. चकती मात्र रक्त प्यालेल्या गोचिडीसारखी टम्म फुगली होती.

"बाई, हा तर उलटाच निघाला की!" कुंदा म्हणाली. "आता खोडायचं का?"

'वर्षभर न सुकणारा' हा नवा बटाटा आल्यापासून गावात दुसरा मिळतच नव्हता. शाळेच्या खिचडीतही तोच.

"राहू द्या लिहिलेलं," दारातून मुख्याध्यापक घोलप म्हणाले. "उद्या तपासणी आहे. फुगलेला बटाटा पुस्तकात नाही." आणि त्यांनी सकाळपासूनचा चौथा तांब्या घटाघटा रिकामा केला.

बाईंनी वर्गाकडे पाहिलं. खिचडी खाऊन अर्धाच तास झाला होता आणि तीसही पोरं फुटलेल्या ओठांना पाण्याच्या बाटल्या लावून बसली होती. बाईंची स्वतःची जीभही टाळूला चिकटली होती.

"खोडा," त्या कशाबशा म्हणाल्या. "बशीत दिसतंय तेच लिहा. आणि उद्या कुणी खिचडीला हात लावायचा नाही."