सुटा पंख

डॉक्टरांनी हात टेकले, त्या संध्याकाळी तिने नवऱ्यासाठी दुकानातलं सगळ्यात मोठं विमान आणलं. सुटे भाग जोडून छोटी विमानं रंगवायची, हा त्याचा जुना नाद. एवढ्या मोठ्या विमानाला वर्ष सहज लागेल आणि तेवढं तरी पदरात पडेल, असा तिचा वेडा हिशेब.

सकाळी ती चहा घेऊन गेली, तर टेबलावर नुसता एक सुटा पंख होता. अजून जोडलेला नाही, रंगवलेला नाही. पाण्यात भिजवलेला स्टिकर तो चिमट्याने त्यावर अलगद सरकवत होता.

"अहो, हे तर सगळ्यात शेवटी लावता ना तुम्ही?"

"हो," ओल्या कापसाने बुडबुडा दाबत तो म्हणाला, "पण मला हेच काम सगळ्यात आवडतं."