वीणेचा पहारा

या माऊली, जरा पुढं सरकून बसा. आमच्या महाळुंग्याच्या सप्त्यातली एक गोष्ट सांगतो. सप्ता उठेपर्यंत देवाचं नाव थांबवायचं नाही की वीणा जमिनीला टेकवायची नाही, पुढच्या पहारेकऱ्याच्या गळ्यात घालूनच मोकळं व्हायचं. आणि ती ज्याच्या गळ्यात असेल त्याच्या पाया सगळं गाव पडतं.

त्या सकाळी वीणा भरत वकिलाच्या गळ्यात होती. याच भरतनं शेताच्या दाव्यात कोंडाबाईचं वकीलपत्र घेतलं आणि आतून तो तिच्या दिराला मिळाला. शेत गेलं. म्हातारीनं थेट बार कौन्सिलकडं तक्रार केली. दुसऱ्या दिवशी सुनावणी होती. वकिलीची सनद राहते की जाते, ते तिच्याच जबानीवर होतं.

दर्शनाच्या रांगेतून कोंडाबाई पुढं आली आणि तिनं वाकून त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. भरतचा जीव भांड्यात पडला.

"मावशी, म्हंजे तक्रार मागं घेताय ना?" त्यानं हळूच विचारलं.

"पाया वीणेच्या पडले, वकीलसाहेब," पदर सावरत ती म्हणाली. "उद्या जे खरं हाय ते सांगणार. आता नाव घ्या देवाचं, थांबू नका."

भरतची मान खाली गेली. वीणा काढून पळावंसं वाटलं, पण पुढचा पहारेकरी अजून आला नव्हता. माणसं येऊन वाकत राहिली, आणि तो प्रत्येक वेळी पाय मागं घेत राहिला.

माऊली, कधी वीणेपुढं वाकलात, तर आमच्या कोंडाबाईची तेवढी आठवण ठेवा.