टाक्यातले घाव

“हे घाव तलवारीचे,” मुलगी म्हणाली आणि तिने टॉर्चचा उजेड भिंतीवर फिरवला. “गड पडला त्या दिवशी एक पहारेकरी या टाक्यात एकटा लढला. गडाचं पाणी शत्रूच्या हाती लागू नये म्हणून. मोजून बघा, एकवीस घाव आहेत.”

कोरड्या टाक्यात उतरलेली पंधरा-वीस माणसं भिंतीजवळ सरकली. कुणीतरी टोपी काढली. सातशे वर्षांचा तो चुन्याचा गिलावा अजून अंड्याच्या कवचासारखा गुळगुळीत होता. त्यावर ओळीने कोरलेल्या खोल, बाकदार रेघा उजेडात उठून दिसत होत्या.

पायऱ्यांपाशी वस्ताद वही घेऊन उभे होते. गडावरचे सगळ्यांत जुने गाईड. आवाज असा, की खालच्या दरवाज्यात खाकरले तर बालेकिल्ल्यावरची कबुतरं उडायची. आज ते मुलीची परीक्षा घेत होते. ती आधी दोनदा नापास झाली होती. तिसरी संधी शेवटची. गडाच्या माहितीची पुस्तिका वस्तादांनीच लिहिलेली, आणि त्यातली पहारेकऱ्याची गोष्ट त्यांची सगळ्यांत लाडकी.

गर्दीच्या मागे मुलीची आई होती. लेक जिथे काम करणार ती जागा बघायला ती पहिल्यांदाच गड चढली होती. लोकांच्या घरांना गिलावा करण्यात तिचा जन्म गेला. आज सुट्टी, म्हणून दोन्ही हातांत एकेक बांगडी होती. कामावर मुकादम घालू देत नसे. सकाळी निघताना लेकीने बजावलं होतं, “आई, मागे मागे राहा. आणि मध्येच बोलायचं नाही हं.”

“भिंतीशीसुद्धा बोलणार नाही,” आई म्हणाली होती.

पण वाटेत ती दरवाज्यापाशी रेंगाळली, कोठारापाशी रेंगाळली. जोडावर जोड बसलेल्या दगडांवरून हात फिरवत राहिली. देवळात उभं राहावं तशी उभी राहिली. ‘काय हात असतील एकेकाचे,’ असं पुटपुटली, तेही तोंडातल्या तोंडात.

“बाळ, एक विचारू?” छत्री घेतलेले एक आजोबा म्हणाले. “लढाईतले घाव इतके शिस्तीत कसे गं? सगळे एका उंचीवर, सगळे एकाच बाजूला वळलेले. शत्रू काय रांग लावून आले होते?”

लोक हसले. मुलीने टॉर्च पुन्हा रेघांवर नेला. याचं उत्तर पुस्तिकेत नव्हतं. वस्तादांनी पेन्सिल वहीवर टेकवली.

तेवढ्यात मागून हळूच आवाज आला. “अगं बाई! बांगडी घालूनच घोटलंय हिनं.”

“काय म्हणाल्या त्या?” वस्तादांनी विचारलं.

आईने जीभ चावली. लेकीकडे बघून जोरजोरात मान हलवली. काही नाही, काही नाही. ‘काही नाही’ म्हणून पुढे जाणं मुलीला सोपं होतं. गोष्ट वस्तादांची होती आणि पेन्सिलही वस्तादांच्याच हातात होती.

“ती माझी आई आहे,” मुलगी म्हणाली. “तीस वर्षं गिलावा करतेय. भिंतीतलं तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. आई, पुढे ये.”

माणसांनी वाट दिली. आई संकोचत भिंतीपाशी आली आणि भिंतीवर हात टेकताच तिचा संकोच गेला.

“ओला चुना असा तळहातानं घोटत न्यायचा. खालून वर. वर पोचलं की मनगट वळतं, तिथं बांगडी रुतते.” तिने हात वर नेला. मनगट वळलं ते रेघेच्या उलट बाजूला. ती थबकली. मग हसली. “डावखुरी होती वाटतं.” तिने हात बदलला. डावा हात सरसर वर गेला, मनगट वळलं आणि बांगडी रेघेत जाऊन बसली. टक्. शेजारी त्याच हाताने दुसरा फराटा ओढला. टक्. तिसरा. टक्.

“उंचीला माझ्याएवढीच असणार,” ती म्हणाली.

मुलीने टॉर्च भिंतीला चिकटवून तिरपा धरला. गुळगुळीत वाटणाऱ्या त्या भिंतीवर खालपासून वरपर्यंत तळहाताचे शेकडो उथळ फराटे उमटले. एकाला एक लागून, कुठेही न चुकलेले. कोरड्या टाक्यात पुन्हा पाणी हलायला लागावं तसं दिसलं.

वस्ताद पुढे आले. त्यांनी एका रेघेतून बोट फिरवलं.

“तीस वर्षं मी इथे एका मेलेल्या माणसाची गोष्ट सांगत आलो,” ते म्हणाले. त्यांचा एवढा हळू आवाज गडावर कुणी ऐकला नव्हता. त्यांनी पुस्तिका उघडली, पहारेकऱ्याच्या पानावर आडवी रेघ मारली आणि पेन्सिल मुलीच्या हातात दिली. “आता खरं काय ते तू लिही. उद्यापासून हे टाकं तुझ्याकडे.”

मुलीचे डोळे भरून आले. तिने आईकडे पाहिलं. आईचं लक्षच नव्हतं.

“पण काय हो ताई,” छत्रीवाल्या आजोबांनी विचारलं, “कामावर तुम्हालासुद्धा बांगड्या घालून काम करू देतात?”

“छे! आधी काढायला लावतात,” आई म्हणाली. “मुकादम म्हणतो, भिंतीवर तुमची खूण राहता कामा नये.”

मग तिने ती रेघ हलकेच कुरवाळली आणि भिंतीला म्हणाली, “बरं झालं बाई, तू ऐकलं नाहीस.”