दोन पट्टे

"राखाडी नको," कोंडीराम म्हणाला. "लेक बाळंतपणाला येतीय अन् खोलीला राखंचा रंग?"

"बदामी लई लवकर मळतो," दैवशाला म्हणाली. "दोन्हीचे पट्टे मारते. बघा, मग ठरवा."

तिनं दोन डबे भिंतीशी ठेवले आणि पेचकस घालून झाकण उचकटलं. खट्कन आवाज झाला.

"तिरका धरू नको. झाकण वाकंल," दारातल्या खुर्चीवरून नवरा बोलला.

दैवशालाला एकदम बरं वाटलं. म्हणजे दिसतंय की यांना!

चाळीस वर्षं कोंडीरामनं कळंबातली घरं रंगवली होती. रंगाच्या बाबतीत तो बायकोचंच काय, घरमालकाचंही ऐकायचा नाही. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून 'झकास दिसतंय' असं साऱ्या गल्लीला सांगत होता. पण काल त्यानं चहाचा कप बशीच्या बाहेर टेकवला होता. आणि उद्या तो पाण्याच्या टाकीच्या कामाला, तीन मजले उंच परांचीवर चढणार होता. चढू नका म्हटलं की खेकसायचा, "मी काय आंधळा हाय व्हय?"

तिनं एक पट्टा ओढला. ब्रश बादलीत बुचकळला, झटकला. हातभर अंतर सोडून दुसरा ओढला.

पट्टे वाळल्यावर कोंडीराम उठला. भिंतीसमोर बराच वेळ उभा राहिला.

"डावीकडचा बदामी. खोलीत उजेड वाटतो त्यानं," तो म्हणाला. "उजवीकडचा राखाडी अगदीच सुतकी. बदामीच मार."

दैवशालानं ब्रश खाली ठेवला. तिला रडू आवरेना.

"आवं, दोन्ही पट्टे बदामीच हायेत. राखाडीचा डबा म्या उघडलाच न्हाय."

आता नवरा घर डोक्यावर घेणार, असं तिला वाटलं. कोंडीराम चाचपडत खुर्चीपर्यंत गेला आणि बसला.

"ठाऊक हाय," तो म्हणाला. "झाकण एकदाच वाजलं."

"मग दोन्ही एकच हायेत म्हणायचं की!"

"तसं म्हणलो असतो, तर उद्या तू मला चढू दिलं असतंस."