पाहुण्यांची लाइन

"तिला सांग, राउटरच्या कपाटाची किल्ली दे म्हणावं."

फेलेतीने हे सेलाला सांगितलं. सेला जागची हललीसुद्धा नाही. प्लायवूडच्या भिंतीपलीकडे बसलेल्या त्याच्या थोरल्या बहिणीला, लाविनियाला, ते ऐकू गेलंच होतं. भिंतीवरून किल्ली आली. सेलाने झेलली आणि फेलेतीच्या हातात दिली.

"माझा पगार वाढवा बाई," सेला म्हणाली. "मी व्हॅनिलाच्या शेंगा निवडू की तुम्हा भावंडांचे निरोप पोचवू?"

भावंडं सख्खी. पण बहीण ज्या खोलीत, तिथे भावाने पाय ठेवायचा नाही, हा आमच्या बेटांवरचा जुना रिवाज. नेयाफू शहरात आता बरेच जण तो सोडून बसलेत. यांची आई मात्र खमकी. फेलेती बारा वर्षांचा झाला त्या दिवशी तिने त्याचं अंथरूण उचललं आणि मुलग्यांच्या झोपडीत नेऊन टाकलं. त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हापासून ही दोघं एका चटईवर बसलेली कुणी पाहिली नाहीत.

आज ती आई ऑकलंडच्या इस्पितळात होती. चारला हृदयाचं ऑपरेशन. डॉक्टर गोड बोलले होते, पण काय ते दोघांनाही कळलं होतं. तीनला नर्स आईसमोर फोन धरणार, तोही दहाच मिनिटं. गावात फोनला रेंजचा पत्ता नाही. धड लाइन काय ती या व्हॅनिला संघाच्या ऑफिसात, आणि तीही ओट्यावर बसलेले शेतकरी रग्बी बघून खाऊन टाकायचे. म्हणून फेलेती राजधानीहून आला होता. बेटोबेटी फिरून राउटर बसवायचे हाच त्याचा धंदा.

सकाळपासून त्याचा एक डोळा घड्याळावर होता. राउटरवर त्याने एकाची दोन जाळी केली. एक ऑफिसचं, एक पाहुण्यांचं, म्हणजे ओट्यावरल्यांचं. वायर राउटरच्या ज्या बाजूला जोडली, त्या बाजूचा नंबर यंत्राला आपोआप मिळणार. ऑफिसच्या नंबरात दहा, पाहुण्यांच्या नंबरात वीस. पाहुण्यांना हवामान दिसेल, निरोप जातील, व्हिडिओ मात्र बंद.

"कुणी केलं रे हे? ऐन मॅचमध्ये!" ओट्यावरून एक म्हातारा कडाडला. "हात झडो त्याचे!"

फेलेतीला तेवढ्यातही हसू आलं. आता आतल्या खोलीत ताईचा कॉम्प्युटर आणि बाहेर त्याचा लॅपटॉप, दोन्ही ऑफिसच्या लाइनीवर. आईला दोन चौकटींत दोघं दिसतील आणि रिवाजही राहील. त्याने कपाटाला कुलूप घातलं. किल्ली भिंतीवरून परत गेली.

अडीचला तो मागच्या टाकीवर तोंड धुवायला गेला. वडीलधाऱ्यांसमोर जाताना नेसतात ती विणलेली चटई पँटवरून कमरेला गुंडाळली. तिच्याशिवाय आईसमोर जायची त्याची आजही टाप नव्हती. सेलाने उकडलेली अळकुडी पुढे केली, ती त्याने तशीच बाजूला ठेवली.

तीनला पाच कमी असताना त्याने कॉल लावला. लागेना. वायर काढली, पुन्हा घातली. लॅपटॉप बंद केला, चालू केला. छे!

"सेला, ताईला विचार, तिकडे चालतंय का?"

"चालतंय म्हणावं," भिंतीपलीकडून आलं.

"मग किल्ली माग. लवकर! कपाट उघडायला हवं."

भिंतीपलीकडे खण उघडल्याचा आवाज झाला, मग मिटल्याचा.

"सापडत नाही म्हणावं."

तीन वाजले. आतल्या कॉम्प्युटरवरून आईचा खोकला ऐकू आला, आणि मागोमाग आवाज. "फेलेती कुठाय?"

तो धावत दारापर्यंत गेला आणि उंबऱ्यावर थबकला. पाऊल पुढे पडेना. बावीस वर्षांची सवय, ती काय अशी सुटते?

"सेला, ताईला सांग..." त्याचा आवाज फाटला. "तूच बोल म्हणावं. मी इथूनच ऐकतो."

सेलाने तोंड उघडलं, पण त्याआधी लाविनिया बोलली.

"फेलेती, आत ये. आईला वेळ नाही."

तो गेला. मान खाली घालून चटईवर टेकला. लाविनिया खुर्चीवरून उतरली आणि त्याच चटईवर बसली. आई दोघांकडे बघत राहिली. आता आईची बोलणी खायची, म्हणून फेलेतीने अंग चोरलं.

"जवळ सरका जरा," आई म्हणाली. "दोघं चौकटीत मावत नाही तुम्ही."

ते सरकले. खांद्याला खांदा लागला. आईचे डोळे भरून आले.

"तुझं अंथरूण मीच उचललं होतं रे. फार लवकर उचललं." मग ती लाविनियाकडे वळली. "ऐकलंस बाई माझं."

ताई लहानपणापासून आईच्या शब्दाबाहेर नव्हतीच. आई त्याबद्दलच बोलतेय असं फेलेतीला वाटलं.

नर्सने फोन घेतला आणि पडदा काळा झाला. फेलेती उठला, बाहेर आला, मनगटाने डोळे पुसून लॅपटॉपसमोर बसला. बिघाड शोधायची खोड जात नाही. त्याने आपला नंबर पाहिला.

वीस. त्याची वायर पाहुण्यांच्या लाइनीत होती.

त्याने ती स्वतःच्या हाताने ऑफिसच्या बाजूला लावली होती. वर कुलूप घातलं होतं. आणि किल्ली तेव्हापासून भिंतीपलीकडेच होती. भिंतीकडे बघायचा त्याला धीर झाला नाही.

"सेला," तो हळूच म्हणाला, "ताईला विचार, किल्ली सापडली का?"

सेलाने शेंगांवरची नजर उचलली नाही. भिंतीपलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"त्याला सांग, हरवलीच कधी होती?"